उलटी रिंग

उद्यमनगरात मला दत्तात्रय म्हणून कुणी ओळखत नसे. 'दातवाला दत्तू कुठं हाय?' असं विचारलं की चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा बोट दाखवायचा. नव्या पावण्याला वाटायचं, हा कवळ्या बसवतो की काय. मी दातच बसवायचो, पण मोटारीचे. शेड बंद करून आता सात वर्षं होत आली. कंबरेनं दगा दिला. हल्ली कसबा बावड्यात घराच्या पडवीत बसतो, पेपर वाचतो आणि आमच्या मंडळींच्या मते, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजावर उगाच शेरे मारतो.

हे दात म्हणजे काय, ते आधी सांगतो. किल्ली फिरवली म्हणून इंजिन आपणहून सुरू होत नाही. झोपलेल्या माणसाला हलवून उठवावं तसा त्याला पहिला धक्का द्यावा लागतो. तो देणारी छोटी मोटर म्हणजे सेल्फ. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं परातीएवढं, जड बिडाचं चाक असतं. त्या चाकाच्या कडेवर दातांची पोलादी रिंग बसवलेली असते, बैलगाडीच्या चाकावर धाव बसवतात तशी. सेल्फचा एवढासा दातेरी गट्टू पुढं सरकतो, रिंगच्या दातांत दात घालतो, चाक फिरवतो आणि इंजिन सुरू झालं की बाजूला होतो. सगळा खेळ एका सेकंदाचा.

या रिंगला ना बोल्ट, ना वेल्डिंग. ती तापवायची, तापली की केसभर फुगते, मग थंड चाकावर टाकायची. निवताना ती आवळत जाते आणि जन्माची बसते. आमचे उस्ताद म्हणायचे, "इससे घट्ट दुनियेत काय बसत न्हाई. एक सासूच्या मनातली अढी सोडली तर." उस्तादांचं बोलणं असं अर्धं हिंदी, अर्धं कोल्हापुरी. वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली.

रिंग किती तापवायची, हे उस्ताद कथलावर ओळखायचे. कल्हईवाले भांड्याला लावतात तेच कथील. त्याची कांडी तापलेल्या रिंगला चार बाजूंनी टेकवायची. चारही ठिकाणी पाण्यासारखी पळाली की रिंग तयार. एका बाजूला पळाली आणि दुसऱ्या बाजूला चिकटली तर अजून थांबायचं. आणि रिंग निळी पडली तर फेकून द्यायची, कारण दातांचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेलेला असतो. मुरगूडच्या एका गुरुजींनी घरच्या घरी गॅसवर रिंग लालबुंद करून बसवली होती. माझ्याकडं आले तेव्हा दात पेढ्यासारखे दबले होते. मी म्हटलं, "गुरुजी, एवढी कशाला तापिवली?" तर म्हणाले, "अरे, पोरांना बी मी असंच तापवतो की."

आता दात झिजतात कसे, ते बघा. इंजिन बंद केलं की ते मनाला येईल तिथं थांबत नाही. चार सिलिंडरचं इंजिन थांबता थांबता फिरून फिरून ठरलेल्या दोनच जागी येऊन बसतं, म्हैस गोठ्यात आपल्याच दाव्याशी येते तसं. त्यामुळं सेल्फची टक्कर रोज त्याच पंधरा-वीस दातांशी होते. रिंग झिजते ती त्या दोन जागीच. बाकीचे दात नव्यासारखे.

नवी रिंग मिळत नसली की जुने मिस्त्री एक युक्ती करत. तीच रिंग काढायची, तापवायची आणि पालथी घालून बसवायची. दाताची झिजलेली बाजू तिकडं गेली, कोरी बाजू सेल्फकडं आली. याला आम्ही 'उलटी रिंग' म्हणत असू. पण त्यात एक मेख आहे. सेल्फकडच्या बाजूला प्रत्येक दाताची कड कारखान्यात तासलेली असते, म्हणजे गट्टू अलगद आत शिरतो. उलट्या बाजूला कड अशी तासलेली नसते. तिथं दात बोथट. त्याच्यावर गट्टू आपटला तर कधीकधी तसाच अडकून बसतो. म्हणून उस्तादांचे दोन नेम होते. एक, रिंग उलटवली तर शंभरावर दात असोत नाही तर दोनशे, प्रत्येक दाताची कड हातानं तासायची. दुसरा, मालकाला समोर बसवून सांगायचं: रिंग उलटी आहे, कधी अडकलीच तर गाडी गिअरात टाका आणि खांद्यानं एक हिसका द्या, सुटंल. "मालकाला न सांगता उलटी रिंग द्यायची म्हंजे लंगडा बैल दावणीला बांधूनच विकायचा," असं ते म्हणायचे.

मी हे दोन्ही नेम एकदा मोडले. ते सांगायला म्हणून लिहायला बसलो आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कबनूरजवळ मळ्यात राहणारे भूपालअण्णा माझं जुनं गिऱ्हाईक. घरचा ऊस, शिवाय घराशेजारच्या शेडात आठ माग. जैन माणूस, बोलणं मोजकं, नजर बारीक. कापडात एक धागा चुकला तरी दहा हातांवरनं ओळखतील. त्यांच्या डिझेल गाडीचे दात गेले आणि गाडी माझ्या शेडात आली, तेव्हा दसरा चार दिवसांवर होता. नवी रिंग पुण्याहून यायला आठ दिवस लागणार होते.

अण्णा म्हणाले, "दत्तू, दसऱ्याला गाडी दारात पायजे बग. पद्मानं हार आदीच सांगून ठेवल्यात." पद्मा म्हणजे त्यांची बायको. आम्ही सगळे पद्मावैनी म्हणायचो.

"दसऱ्याला गाडी दारात असंल अण्णा," मी म्हटलं.

दसऱ्याआधी आमच्या शेडात पाय ठेवायला जागा नसते. मी रिंग उलटवली. दात तासायला बसलो आणि डोक्यात हुशारी शिरली. इंजिन दोनच जागी थांबतं ना? मग सेल्फ भिडणार त्या दोन जागच्याच दातांना. तेवढेच तासावेत. बाकीच्यांशी त्याचा संबंधच येत नाही. मी दोन बाजूंचे मिळून तीस-पस्तीस दात ग्राइंडरवर झकास तासले आणि उरलेले बोथट सोडून रिंग बसवली. माझ्या अकलेचं मलाच कौतुक वाटलं. उस्तादांना हे कसं सुचलं नाही, असंसुद्धा मनात आलं.

आणि अण्णांना सांगितलं नाही. का, ते आज प्रामाणिकपणे लिहितो. दातवाला दत्तू उलटी रिंग बसवून देतो, हे आपल्या तोंडानं सांगायला जिवावर आलं. दिवाळीनंतर नवी रिंग मागवू, तेव्हा गुपचूप बदलू, असं ठरवलं. दसरा झाला, दिवाळी झाली. गाडी एका सेल्फला सुरू होत होती. मी विसरलो.

माघात एके दिवशी निरोप आला, गाडी सुरू होत नाही, येऊन बघा. मी हत्यारं घेऊन कबनूरला गेलो. बघतो तर अंगणात जाजम घातलेलं आणि माणसं खाली माना घालून बसलेली. पद्मावैनींना जाऊन तिसरा दिवस होता.

अण्णांनी मला बघितलं, उठून गाडीपाशी आले. त्यांनी सांगितलं, त्या दिवशी पहाटे वैनींच्या छातीत कळ आली. अण्णांनी त्यांना धरून गाडीत बसवलं, किल्ली फिरवली. सेल्फ नुसता 'टक' म्हणाला आणि गाडीतली लाईट मंद झाली. पुन्हा टक. पुन्हा टक. वस्तीवर दुसरी गाडी नाही. अण्णा तसेच अनवाणी रस्त्याला पळाले. दुधाची गाडी मिळायला पाऊण तास गेला. इचलकरंजीच्या दवाखान्याच्या पायरीवर वैनी गेल्या. एरवी तिथं पोचायला दहा मिनिटं लागतात.

"बॅटरी बसलीया दत्तू," अण्णा म्हणाले. "रात्री आतली लाईट सुरू राहिली माझ्याकडनं. पहाटं दार उगाडलं तर जळतच हुती. माज्या हातनं झालं सगळं."

मी बॅटरी तपासली. भरलेली होती. तसल्या टिचभर बल्बनं एका रात्रीत एवढ्या बॅटरीचं काही वाकडं होत नाही. मी किल्ली फिरवली. टक. तो आवाज मी ओळखला होता. तेवढ्यात मागावरचा एक कामगार आपणहून बोलला, "मिस्त्री, आदल्या सांजंला सुताचा टेम्पो आत घ्यायचा हुता. गाडी आडवी येत हुती म्हणून आमी गिअरातच ढकलून मागं घेतली. त्येनं काय बिघाड झाला न्हाय न्हवं?"

गिअरात असताना गाडी ढकलली की चाकाबरोबर इंजिनही फिरतं. फ्लायव्हील आपली जागा सोडून भलतीकडं थांबलं होतं. सेल्फ मी न तासलेल्या दातावर आपटून अडकला होता.

मी गाडी गिअरात टाकली, खाली उतरलो, पुढून खांदा लावून एक हिसका दिला. आत 'खट' झालं. सुटला. दहा सेकंदांचं काम. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. तो आवाज ऐकून घरातल्या बायकांनी हंबरडा फोडला. मी घाईघाईनं इंजिन बंद केलं.

अण्णा गाडीकडं बघत उभे होते. "झाली न्हवं सुरू?" ते म्हणाले. "दोन दिस ऊन लागलं, बॅटरी जरा गरम झाली असंल."

मी म्हटलं, "व्हय."

तेवढंच बोललो. तपासणीच्या नावाखाली गाडी शेडात आणली, रविवारी दार लावून एकट्यानं गिअरबॉक्स उतरवला आणि उरलेले सगळे दात कानशीनं तासले. हात असे कापत होते की कानस जागेवर राहीना. त्यानंतर ती गाडी वर्षातून दोनदा शेडात यायची, पण मी तिच्यात पुन्हा बसलो नाही. हाताखालच्या माणसांना पुढं करायचो आणि आपण जेवायला निघून जायचो. शालनला, म्हणजे माझ्या बायकोलाही यातलं काही कळू दिलं नाही. उस्ताद तोवर गेले होते, ते एक बरं झालं असं वाटायचं, आणि असं वाटल्याची पुन्हा लाज वाटायची.

यंदा होळी झाल्यावर एक दिवस दारात ट्रॅक्टर थांबला. मागं दोराला बांधलेली तीच गाडी आणि सुकाणूवर अण्णा. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ अजून ताठ.

"दातवालं, दात पडलं बग," ते म्हणाले. "माझं न्हवं, गाडीचं. ग्यारेजवालं म्हंत्यात भंगारात घाला. मी म्हटलं, आमचा दत्तू हाय की अजून."

"अण्णा, मी काम सोडलं. कंबर चालत न्हाई."

"मग मरंपतूर बसून राहा की पडवीत," अण्णा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. बरोबर नवी रिंग पण आणली होती.

गाडी आत घ्यायला म्हणून मी बावीस वर्षांनी त्या सीटवर बसलो. वर बघितलं तर छताच्या लाईटचं झाकण नव्हतं, आणि बल्बही नव्हता. नुसता रिकामा खड्डा.

"अण्णा, हितला बल्ब?"

"तवाच काढून टाकला. नगो ती लाईट."

मी मान खाली घातली. आता या कामाला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं.

समोर राहणाऱ्या, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या सर्जेरावानं गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील माझ्या पडवीत आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा परत आले आणि मी कामाला बसलो. जुनी रिंग काढायची म्हणजे दोन दातांमधल्या खाचेत भोक पाडायचं, हॅकसॉनं थोडं कापायचं आणि छिन्नी ठेवून एकच घाव घालायचा. रिंग चिरते, आणि इतकी वर्षं आवळून बसलेली रिंग क्षणात सैल होऊन निघते. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच, पोलादाची कपची उडते.

मग अंगणात तीन विटांची चूल केली. लोखंडी घमेल्यात चुरमुऱ्याच्या भट्टीत असते तशी कोरडी वाळू भरली आणि वाळूत नवी रिंग झोपवली. वाळूनं ताव चौफेर सारखा बसतो. शालन उंबऱ्यात येऊन म्हणाली, "कंबर मोडली तरी खाज न्हाई गेली. आणि घमेलं माझंच घेतलं व्हय?" पण अण्णांना बघून चहा टाकायला आत गेली.

रिंग तापायला वेळ होता. अण्णा खुर्चीत बसून चिरलेली जुनी रिंग हातात फिरवत होते. एका दातावरून बोट पुढच्या दातावर, तिथून पुढच्या. कापड तपासावं तसं. माझं लक्ष वाळूकडं कमी आणि त्या बोटाकडं जास्त होतं.

"दत्तू," ते म्हणाले, "हे दात दोन तऱ्हंचं का रं? हितं बग, तासलंय कसं येकसारखं. आन् हितनं पुढं सगळं वाकडंतिकडं. येकाच माणसानं केल्यागत वाटत न्हाई."

काहीही सांगता आलं असतं. कारखान्यातच तसं असतं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं.

"थांबा अण्णा," मी म्हटलं. "आदी ही बसवू द्या. मग सांगतो."

कथलाची कांडी टेकवली. एका ठिकाणी पळाली, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या ठिकाणी पळाली. दोन सांडशांनी रिंग उचलली. अशा वेळी हाताशी फार तर दहा-बारा सेकंद असतात. तिरकी बसली तर तिथंच आवळते आणि मग छिन्नीच. तासलेली बाजू सेल्फकडं आहे ना, ते मी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. चाकावर सोडली. लाकडी ठोकळ्यानं चार बाजूंनी ठोकलं, 'ठक' असा भरीव आवाज आला. बसली. पाणी न मारता आपसूक निवू दिली. माझ्या हातची ही शेवटची रिंग, आणि सरळ बसली.

मग मी अण्णांच्या समोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. दसऱ्याची घाई, उलटी रिंग, तीस-पस्तीसच तासलेले दात, टेम्पोसाठी ढकललेली गाडी, भरलेली बॅटरी. गाडी गिअरात टाकून एक हिसका दिला असता तर सुटली असती, आणि हे मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, हेसुद्धा सांगितलं. शालन चहाचे कप घेऊन दारात तशीच उभी राहिली. तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

अण्णांनी विचारलं, "किती येळ लागला तुला? सोडवायला?"

"दहा सेकंद, अण्णा."

"दहा सेकंद." त्यांनी रिंग मांडीवर ठेवली. "आन् बॅटरी भरल्याली हुती."

"व्हय."

"म्हंजे लाईटनं न्हाई."

"न्हाई अण्णा. त्या लाईटनं काय झालं न्हाई. तुमच्या हातनं काय झालं न्हाई."

अण्णांचा चेहरा एकदम आवळला. "बावीस वर्सं," ते म्हणाले. "बावीस वर्सं रोज झोपायच्या आदी समद्या घरातनं फिरतोय. माजघर, माडी, मागाचं शेड. येक बी दिवा सुरू न्हाई न्हवं, बगतोय. सुना हसत्यात मला. आन् तुला म्हाईत हुतं."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"पायाला लागू नगंस," ते म्हणाले. "आन् वैनी, तो च्या आत न्या. माज्या घशाखाली उतरायचा न्हाई आज." रिंग तिथंच ठेवून ते उठले, रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली आणि गेले.

शालन त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं, ताट उचललं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "त्या बाईनं मला येकदा साडी दिलती. दसऱ्याचीच." आणि रडायला लागली. मी अंगणातल्या तीन विटा उचलून जागेवर ठेवल्या.

सर्जेरावानं गाडी जोडून दिली. मी सेल्फ मारून बघितला. लोण्यासारखा लागला. इंजिन मुद्दाम वेगवेगळ्या जागी थांबवून वीसेक वेळा मारला. एकदाही अडला नाही. अण्णांना निरोप धाडला. तीन दिवस कुणी आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाराच्या उन्हात अण्णा एकटेच आले. माझ्याकडं बघितलं नाही. गाडीत बसले, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. बंद केली, पुन्हा सुरू केली. मग उतरून पडवीत आले, कोपऱ्यात ठेवलेली जुनी रिंग उचलली, डिकीत टाकली आणि परत सुकाणूवर जाऊन बसले. मी खांबाला धरून उभा होतो. आता हे जातील आणि पुन्हा काही या दारात येणार नाहीत, असं मला वाटलं.

अण्णांनी काच खाली केली.

"दत्तू, आतल्या लाईटचा बल्ब हाय काय रं तुज्याकडं?"

जुन्या सामानाच्या डब्यात होता. बसवताना दोनदा खाली पडला. अण्णांनी घाई केली नाही. बसल्यावर त्यांनीच बटण दाबलं. लाईट लागली.

"निगतो," अण्णा म्हणाले, आणि भर दुपारी ती लाईट तशीच सुरू ठेवून गेले.